दुसऱ्याचा बेडका

थू तुझ्या लेकाच्या अकलेवर. खडी फोडणाऱ्यांची छाती तपासायला विद्यापीठाचे डॉक्टर बोईसरला आले. बेडका बाटलीत द्या म्हणाले, तर ह्यानं शेजारच्या धडधाकट भिकाचा दिला. मला किळस आली.

चिरंजीव चंद्रभानास आईचा आशीर्वाद. मी बरी हाय. म्हैस व्याली का?

भगवंत म्हणतो, "आजी, माझा दिला तर कामावरनं काढतील." भिका दात काढत होता. त्याला म्हटलं, "मग ह्याचा खोकलापण घेऊन जा की."

काल ह्याची उशी धुतली. पाणी तांबडं निघालं.

डॉक्टर पुढच्या महिन्यात परत येणार हायत. काम सोडू नको असं तूच त्याला लिहिलंस. आता काम गेलं तरी चालेल, हेही तूच लिही. सुनेच्या हातचं पत्र मी घेणार नाय.