खालची दाढ

दादा,

हे पाठवणार नाही, पण कुणावर तरी चिडायलाच हवं.

विमा नाही म्हटल्यावर दोन दवाखान्यांनी सांगितलेला खर्च ऐकून माझी दाढ दुखायचंच विसरली. शेवटी दंत महाविद्यालयात गेले. तिथे शिकणारी मुलं स्वस्तात करतात. तीन तासांनी नंबर लागला, तर मुलगी म्हणते, "मावशी, माझ्या परीक्षेला वरची दाढ हवी. तुमची खालची आहे." आता दुखणंही यांना विचारून घ्यायचं.

मग तिचे सर आले. तू वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी पाहून म्हणाले, "काय सुंदर काम आहे. कुणी केलं?" तोंडात त्यांचा आरसा होता, म्हणून सुटले.

तुझ्या दवाखान्यात फुकट होईल, ठाऊक आहे. पण तुझ्यासमोर आ करून बसलं की भांडता येत नाही, आणि माझं भांडण अजून संपलेलं नाही.

तुझीच,
धाकटी