कोइंबतूरचं हेड

अप्पा, ते कोइंबतूरचं हेड मी त्या इंजिनावर बसवलं ते बरोबरच केलं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे ती माफी मागायला नाही.

पापनाशमच्या टॅक्सीवाल्याची जुनी पांढरी मोटार तुम्ही विसरला नसाल. शिसं नसलेलं पेट्रोल तेव्हा नुकतं येऊ लागलं होतं आणि त्यावर जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजत होत्या. तुम्ही इंजिनाच्या माथ्यावरचं हेड उतरवून त्यातल्या बैठका पुन्हा कापायचात, गाडी पाठवायचात, ती परत यायची. शेवटी टॅक्सीवाला तुमच्या दुरुस्तीच्या शेडच्या पायरीवर येऊन बसला. "अय्या, मुहूर्ताला नवरा मुलगा माझ्या गाडीत अडकला. आता मला कोण बोलावील?" तुम्ही पुन्हा बैठका कापायला घेतल्यात. मी नवं हेड आणायला कोइंबतूरची बस धरली.

तिथला दुकानदार मोठ्या व्हॉल्व्हचं, कडक स्प्रिंगांचं हेड पुढे सरकवत होता. शर्यतवाले हेच नेतात म्हणे. मी म्हटलं, माझ्या गाडीला लग्नाला जायचंय, कडक स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडणारा कॅम उगाच झिजवून खाईल. एका लहान ओतशाळेचं साधं हेड घेतलं, पण बैठकांना कठीण धातूच्या कड्या बसवलेलं. स्प्रिंगा मूळ ताकदीच्याच. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा दांडा घासला होता, तोही नवा घेतला.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. तुम्ही पान्यांना, हातोड्यांना, पंक्चरच्या घमेल्यालाही चंदन-कुंकू लावता आहात आणि माझं हेड ओलांडून पुढे जाता आहात.

"काय गे, कंपनीचं नाही ते. कूळ ना गोत्र, आणि पूजेत मांडतेस?"

"अप्पा, कंपनीच्या हेडात कड्या नाहीत."

"उलटं बोलू नको. ही गाडी याच दुखण्यानं पुन्हा दारात आली तर शेड विकून टाकतों. तू शिवणकाम शीक."

सगळ्यांदेखत बोललात. मला राग आला, अजून येतो. व्हॉल्व्हवरचा टॅपेट जरा मोकळा ठेवा, त्याला टकटक बोलू द्या, गप्प झाला की व्हॉल्व्ह जळतो, हे तुम्हीच शिकवलंत. टॅपेटला बोलू द्यायचात, मला नाही! मी माझ्याच बोटानं हेडला कुंकू लावलं आणि सणाची सुट्टी संपताच ते बसवलं.

गाडी परत आली ती तेल बदलायला. शेड तुम्ही विकली नाहीत. टॅक्सीवाला "बसा अय्या, घरी सोडतो" म्हणाला तर भर उन्हात पायी निघालात. पुढेही त्या गाडीत कधी बसला नाहीत.

मग तुम्ही गेलात. अस्थी कावेरीकाठी तिरुवैयारुला न्यायला भावानं कोरी करकरीत गाडी ठरवली होती. मी ती परत पाठवली आणि पापनाशमहून तीच मोटार बोलावली. तुमचं मडकं मांडीवर घेऊन पुढे बसले. बसायचं नव्हतं ना तुम्हाला? बसवलं. कावेरीपर्यंत कुठे अडखळली नाही.

हे पत्र घडी घालून पान्यांच्या खणात ठेवणार आहे. एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्या सकाळी निघण्याआधी मी इंजिनावरचं झाकण काढून सगळे टॅपेट तुम्ही ठेवायचात त्याहूनही किंचित मोकळे केले होते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून.