काळुपेंटरची रेघ

रोहा, दि. ८ जुलै २०२५

चि. सौ. चंद्रावतीस,
काळुदादाचे अ. आ. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे उजव्या हाताने पत्र लिहीत आहे. फोनवर मी ‘बरा हाय’ एवढंच बोलतो आणि अक्षर खोटं बोलत नाही, असं तुझं म्हणणं. गेल्या दिवाळीत झटका आला तेव्हा डॉक्टरांनी हाताला व्यायाम म्हणून रोज चार ओळी लिहायला सांगितलं होतं. तू त्याचं पोस्टखातं करून टाकलंस.

बातमी अशी की ऋतुजा दसऱ्याला स्टेशनरोडवर शिवणकामाचं दुकान काढते आहे. निम्म्या रोह्याच्या पाट्या माझ्या ब्रशाने रंगलेल्या, आणि माझ्याच लेकीच्या दुकानावर मितेश फ्लेक्सवाल्याने केलेली पाटी लागायची, कोपऱ्यात त्याच्या मोबाइल नंबरासकट. हे मी होऊ देणार नाही. ब्रश हातात थरथरतो, म्हणून आता लेकीच्या लॅपटॉपवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकतो आहे. यात काढलेलं अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही म्हणे.

शिकवणारा मास्तर व्हिडिओत असतो. मिसरूड नुकतंच फुटलेलं, पण मला दोस्त म्हणतो. दर वाक्याला हे एकदम सोपं आहे असं सांगतो आणि मला कळायच्या आत पुढे जातो. तो सारखा ‘पेन टूल’ घ्या म्हणतो. मला वाटलं, तुमच्या पेणवाल्यांनीच काहीतरी बनवलं असेल. तसं मितेशला विचारलं, तर तो अजून हसतो आहे.

सर्वांस आशीर्वाद. लोभ असेलच, नसल्यास टोमण्यांवर भागवू.
तुझा,
काळुदादा


पेण, दि. १६ जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मुंगी शाईत पडून कागदावर फिरल्यासारखं अक्षर आहे, पण मागच्या वेळी तिचे पाय मोडले होते, या वेळी नुसती लंगडते आहे. म्हणजे सुधारणा म्हणायची.

पेणवाल्यांनी काही बनवलेलं नाही. आम्हाला गणपतींतून मान वर करायला वेळ नाही. कारखान्यात सकाळपासून मी डोळ्यांची आखणी करते, आणि तिथे कोणी मला हे एकदम सोपं आहे असं सांगत नाही. तू मात्र शीक. आयुष्यभर गिऱ्हाइकांना शुद्धलेखन शिकवलंस, आता मिसरूडवाल्याकडून घे. शिकताना नवीन काय कळलं ते सविस्तर लिहीत जा, म्हणजे दोन ओळींत पत्र उरकता येणार नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे, फुशारून जाऊ नये.
तुझी,
चंद्रा


रोहा, दि. २४ जुलै २०२५

चि. सौ. चंद्रास,
अ. आ. वि. वि.

सविस्तर लिहितो. काल मला पहिला स्ट्रोक आला. आधी इतका बारीक की जाणवलाच नाही, मग एकदम जाड. मितेश शेजारी होता. तो म्हणाला की घाबरू नका, पुढच्या वेळी आणखी जाड येईल. संध्याकाळपर्यंत मोजता येणार नाहीत इतके स्ट्रोक झाले. हात दुखला, पण खूप दिवसांनी इतकी मजा आली. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही, तिला यातलं काय कळणार.

उद्या पुन्हा करून बघणार आहे.
तुझा,
काळुदादा


पेण, दि. १ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
नमस्कार नाही.

तुझं पत्र मी कारखान्यात उघडलं, एका हातात ब्रश, समोर मूर्ती. अलिबागच्या डॉक्टरांनी गेल्या दिवाळीत हाच शब्द वापरला होता, तो मी विसरलेली नाही. ब्रश असा सटकला की बाप्पा तिरळे झाले. फोन लावला तर बंद. प्रणितला तसाच मोटरसायकलवर रोह्याला पिटाळलं. तिथून त्याने कळवलं की मामा लॅपटॉपपुढे बसून कांदाभजी खातो हाय, स्ट्रोक म्हणजे रेषेची जाडी, आणि व्हिडिओत अडथळा नको म्हणून फोन बंद ठेवलेला हाय.

दादा, मी कारखान्यात सगळ्यांदेखत रडले. तू गेलास असं मला वाटलं. यापुढे तो शब्द लिहायचा नाही, रेघ लिहायचं. बाप्पांचे डोळे मी पुसून पुन्हा आखले, तुझे कोण आखणार?

लोभ तूर्तास बंद.
चंद्रावती


रोहा, दि. १५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. चंद्रास,
अ. आ. वि. वि.

लोभ बंद असताना लिहितो आहे, कारण अडलो आहे. विषय रेघेचाच. इतर अक्षरं जमली, नावातला ऋ जमेना. संगणकातला ऋ मला आवडत नाही. ऋतुजाच्या पाळण्यावर मी लांब शेपटीचा ऋ रंगवला होता, तोच पाहिजे. माऊसने येईना, तेव्हा उजव्या हाताने कागदावर काढला, फोटो घेतला आणि त्यावरून पेन टूलने ठिपक्या-ठिपक्याने गिरवला. अगदी हुबेहूब आला, म्हणजे शेपटीची थरथरसुद्धा आली.

मास्तर म्हणतो, एक बटण दाबा, रेघ गुळगुळीत होते. दाबलं. रेघ सुंदर झाली आणि माझी राहिली नाही. मितेशनेच केल्यासारखी वाटते. थरथरती लावली तर काळुपेंटरचा हात गेला हे सगळ्या रोह्याला रोज वर बघून कळेल. ते मला सोसणार नाही. तू डोळे आखणारी आहेस, सांग काय करू.

तुझा,
काळुदादा


पेण, दि. ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, कारण माझं तू आजवर ऐकलं आहेस कधी? शिवाय मी म्हणाले म्हणून लावलीस, असं तू जन्मभर ऐकवलं असतंस.

दसऱ्याला रिक्षातून उतरले आणि आधी पाटी बघितली. ऋची शेपटी थरथरत पाटीच्या टोकापर्यंत गेलेली. तू दाराशी उजवा हात खिशात घालून उभा. तेवढ्यात ब्लाउज शिवायला आलेल्या दोन बायका वर बघत थांबल्या. एक दुसरीला म्हणाली की बघ गो, नावातून दोरा कसा सुटलेला काढलाय, पेंटर डोकेबाज हाय. तू ते ऐकलंस आणि खिशातला हात बाहेर काढलास. मी बघितलं, दादा.

त्यांना खरं सांगू नकोस. डोकेबाज म्हणवून घ्यायची संधी तुला पुन्हा कधी मिळणार?

लग्नात तू करून दिलेली माझ्या दारावरची पाटी पुसट झाली आहे. नवी कर. माझ्या नावात ऋ नाही, पण शेपटी कुठेतरी घाल. आणि ते बटण दाबलंस तर पाटी परत पाठवीन.

लोभ पुन्हा सुरू केला आहे. पत्र चुकलं तर तोडण्यात येईल.
तुझी,
चंद्रा