स्वयंपाकघरात ऐकू येत नाही

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा. ताईच्या मते मी कुठेच बूड टेकत नाही, म्हणून निघताना तिने ही जाडजूड वही हातात कोंबली. ही भरेपर्यंत तरी नोकरी टिकव म्हणाली. भरेल की. बंदूक दुरुस्तीचं इतकं नेटकं दुकान मी पाहिलं नव्हतं. पुढे दुकान, वर लाकडी जिन्याने माझी खोली, मागे अंगण आणि पलीकडे मालकांचं घर. खिडकीतून चांगला उजेड येतो, काम घट्ट धरायचा व्हाइस दणकट आहे, कानशी ओळीने टांगलेल्या. आधीचा कारागीर न सांगताच दुसऱ्या गावी निघून गेला आणि अवजारं मात्र इथेच सोडून गेला म्हणे. वेडाच असणार. माझं फावलं.

मालक दिलखुलास माणूस. पहिल्या चहालाच त्यांनी मला 'डॉक्टर' करून टाकलं आणि रोगीही पुढ्यात ठेवला: त्यांची स्वतःची पंप बंदूक, कुणाकडून तरी वापरलेली घेतलेली. हिच्या नळीखालचा दस्ता मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडायचं, पुढे ढकलला की नवं आत बसायचं. ही बया निम्म्यात अडते आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी खर्रर्र ओरडते. लोण्यासारखी करून दे, मग तुला मानलं, असं मालक म्हणाले. मी म्हटलं, शुक्रवारी घ्या.

मंगळवार, ५ मार्च

बंदूक उघडली. आतलं जुनं तेल सुकून डिंकासारखं चिकटलं होतं, त्यात धूळ आणि जळकी दारू. अर्धा दिवस खरवडण्यात गेला. काडतुसं राहतात त्या नळकांड्याला एक पोचा होता, तोही काढला. आता बरीच सरळ चालते, पण एका जागी अजून खर्र. रोग मला कानाने कळतो, आणि हा आवाज घाणीचा नाही.

दुपारी मालकांच्या बायकोने जेवायला बोलावलं. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणू लागलो. कमी बोलतात, डाव्या पायाने जरा लंगडतात. स्वयंपाकसुद्धा नाडीचे बूट घालून करतात आणि शेगडीमागचं दार सताड उघडं ठेवतात. मी थट्टेने विचारलं, वहिनी, कुठे पळायच्या बेतात आहात की काय? मालक पोट धरून हसले. वहिनींनी माझ्या पानात भात वाढला.

बुधवार, ६ मार्च

सापडलं. दस्त्यापासून आत दोन पोलादी पट्ट्या जातात. त्यातल्या एकीच्या आतल्या अंगावर आडव्या खाचा आहेत. झीज उभी होते, दस्ता जसा मागेपुढे सरकतो तशी. आडवी कधीच नाही. म्हणजे कुणीतरी हे कानशीने मुद्दाम केलंय, आणि काय सुरेख केलंय. बंदूक बंद पडणार नाही, फक्त अडेल आणि ओरडेल. भिंतीवरच्या टोक तुटक्या कानशीचे दात त्या खाचांत चपखल बसले. आधीच्या कारागिराचंच काम. आनंदाने मी दुकानात एकटाच शीळ घालत बसलो.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनाही दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, भावजी, नाही जमलं असं सांगून टाका ना त्यांना. त्या आवाजाची सवय झालीय मला. हसूच आलं. जमलं नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तसं सांगितलंही.

गुरुवार, ७ मार्च

राहवलं नाही. मालकांना खिडकीशी नेऊन खाचा दाखवल्या. त्यांनी फार मन लावून ऐकलं. ताजा ओरखडा चकाकतो, जुना काळवंडतो, हे समजावलं. या खाचा वर्षभरापूर्वीच्या असतील. हे हौशी माणसाचं काम नाही, कसलेल्या हाताचं आहे, तेही सांगितलं आणि कानस त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. डॉक्टर, तुझ्यासारखा माणूस आधी का नाही भेटला, म्हणाले.

जेवताना त्यांनी माझी सगळी हुशारी वहिनींना परत सांगितली. वहिनी मध्येच उठून गेल्या. बायकांना असल्या विषयात रस नसतो.

शुक्रवार, ८ मार्च

दिल्या शब्दाप्रमाणे बंदूक तयार. पट्टी घासून आरशासारखी केली. दस्ता आता नुसत्या बोटाने सरकतो. माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मालकांनी एक गंमत केली. मला स्वयंपाकघरात मागच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत बंदूक घेऊन बसले. ऐकू आलं का, असं तिथून ओरडून विचारलं. मी कान टवकारले. काहीच नाही. त्यांनी दहादा दस्ता ओढला, दहादा विचारलं. माझ्या कानांना ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येणार नाही, असं मी अभिमानाने सांगितलं.

वहिनी शेगडीपाशी होत्या. भाजी करपत होती आणि त्या हलत नव्हत्या.

शनिवार, ९ मार्च

मालक सकाळीच गाडी घेऊन बाहेरगावी गेले, बंदूकही नेली. संध्याकाळी मजेत परतले. आधीच्या कारागिराला भेटून आलो, म्हणाले. त्याची उरलेली अवजारं पोचती केली का, असं मी विचारलं. त्याला आता लागणार नाहीत, म्हणाले.

बंदूक साफ करायला दिली. नळीत ताजी काजळी होती. त्याला काहीच ऐकू आलं नाही डॉक्टर, पाठमोरा बसला होता, असं म्हणून त्यांनी मला लाडू दिला. मी तो खाल्ला. चव कळली नाही.

रविवार, १० मार्च

मालक अंघोळीला गेले तेव्हा वहिनी दुकानात आल्या. उभ्यानेच बोलल्या. डोकं फिरलं की ते बाहेरच्या खोलीत बसून दस्ता ओढतात. खर्र ऐकू आली की मागच्या दाराने पळायचं, राग उतरला की परत यायचं. पहिल्यांदा हा आवाज नव्हता, कळायला उशीर झाला, तेव्हाचे छर्रे अजून पायात आहेत. मग त्या कारागिराने दया येऊन खाचा पाडल्या. त्या आवाजावर मी वर्षभर जगले, म्हणाल्या. माहेरी गेल्या तर सख्ख्या भावाने दोनदा परत आणून सोडलं. तापट आहेत, पण मनाने वाईट नाहीत, म्हणाला. पोलिसांच्या बंदुका इथेच दुरुस्तीला येतात, साहेब चहाला बसतात.

माझ्यावर त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या पहाटेच्या बसने दोघांनी निघायचं ठरलं. तोवर एक रात्र निभावायला हवी. बंदूक माझ्यापाशीच होती. तीच तुटकी कानस घेतली, त्याच जागी आडव्या—

रविवार, संध्याकाळ

मालक आले. बंदूक मागितली नाही, उघडायला लावली. पट्टी खिडकीशी धरली. ताजं चकाकतं ना डॉक्टर, म्हणाले.

मग शेजारी स्टूल ओढून बसले आणि पुन्हा घासायला लावली. मी घासली. वाईट काम करायचं ठरवलं होतं— हातांनी ऐकलं नाही. शुक्रवारपेक्षाही गुळगुळीत झाली. शाबास म्हणाले. जाताना बंदूक घेतली आणि मला वर खोलीत घालून बाहेरून कडी घातली.

सोमवार, ११ मार्च

बस गेली. पहाटे मालकांनी कडी काढून मला न्याहारीला नेलं, हात माझ्या खांद्यावर. चहा त्यांनीच केला होता. वहिनी माहेरी गेल्या, म्हणाले.

मागच्या दाराला आतून नवं कुलूप. दाराशी नाडीचे बूट. नाड्या बांधलेल्या होत्या, म्हणजे काढलेले नव्हते, ओढून—

फरशी ओली होती.

रात्री मी जागा होतो. कान लावून बसलो होतो. काही ऐकू आलं नाही. एक बार झाला तेवढाच. त्याच्या आधी काहीच नाही.

सोमवार, दुपार

दुकान बंद. मला वर पाठवलं, आराम कर म्हणाले. आता कडी घातलेली नाही. का घातलेली नाही—

दोन वाटा. जिना, नाहीतर खिडकीतून अंगणात उडी. ते कुठल्या बाजूला आहेत ते कळलं तर दुसरीकडून निसटता येईल. कळेल कसं? खर्र आली असती तर लगेच कळलं असतं. माझा कान कधी चुकत नाही.

लिहिणं थांबवून ऐकलं. जिना एकदा वाजला. की अंगणातली फळी—

ताई, वही भरली नाही—

पुन्हा ऐकतो. काहीच नाही. अगदी लोण्यासारखं काम झालंय, दाराच्या पलीकडे उभं राहून जरी दस्ता ओढला, तरी इथे बसून मला काहीच ऐ—