शेवट न बदलण्याच्या अटीवर

मी, सावातारी चिझुरू, वय एकसष्ट, व्यवसाय कादंबरीलेखन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते लिहीत आहे. कोणाचेही दडपण नाही, असे लिहिण्याचा प्रघात आहे. मला तसे लिहिता येत नाही. दडपण आहे, मात्र पुढचा एकही शब्द त्याने लिहवून घेतलेला नाही.

मात्सुमोतोतले वडिलांचे सोबा-शेवयांचे दुकान आणि त्यावरची खोली धाकटी बहीण मिहोको हिला मिळावी. पहिली कादंबरी मी त्याच खोलीत, खालून येणाऱ्या रश्श्याच्या वासात लिहिली. तिला पारितोषिक मिळाले त्या दिवशी वडिलांनी दुकान बंद ठेवले. आई गेल्यानंतर प्रथमच.

माझ्या तिसऱ्या कादंबरीत बायकोला सोडून गेलेला माणूस समुद्रात बुडतो. ती कादंबरी प्रकाशित झाल्यावर स्वाक्षरीच्या रांगेत करड्या कोटातले एक अनोळखी गृहस्थ अदबीने वाकून म्हणाले, "माझीच गोष्ट लिहिलीत. पण मी बुडालो नाही. शेवट बदला." पुढे ते प्रत्येक कार्यक्रमाला येऊ लागले. मग सज्जात वाळत घातलेले माझे कपडे घड्या घालून ठेवलेले सापडू लागले. पोलीस म्हणाले, चोरीला तर काही गेलेले नाही.

संपादक कुवाबारा हसले. "असा वाचक मिळायला नशीब लागतं, सेन्सेई." त्यांनी माझ्या अंत्यविधीला भाषण करू नये. उदबत्ती लावावी आणि निघावे.

मी घरे बदलली, दारावर नाव लावणे सोडले. गेल्या महिन्यात या गावच्या स्टेशनात ते बाकावर बसलेले दिसले. उठून वाकले.

"रक्ताच्या तपासणीचं काय निघालं?"

आजाराविषयी डॉक्टर सोडल्यास फक्त मिहोकोला ठाऊक होते. घरी येऊन कडी घातली. तिला फोन केला, कोणाला बोललीस म्हणून विचारले.

"तुझे जुने स्नेही आहेत असं म्हणाले ना, ताई. दर आठवड्याला फोन करतात. किती मायेनं विचारतात गं."

म्हणून वर लिहिलेल्या खोलीत मिहोकोने एकटीने राहू नये.

तिसऱ्या कादंबरीचे सर्व हक्क तिलाच, एका अटीवर. कोणी कितीही विनवले, धमकावले, तरी शेवट बदलू नये. तो माणूस बुडाला आहे.

साक्षीदार: इवाकिरी सेत्सुको, डॉक्टर; आणि ओगुशी तामोत्सु, शेजारी. पत्ते त्यांच्याच विनंतीवरून वगळले आहेत.

सही व शिक्का: सावातारी चिझुरू
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३
ठिकाण: लिहीत नाही.