विळीची खूण

जबलपूर, ४ मार्च १९४३

चि. विनता,

दादाचे आशीर्वाद. लढाईमुळे कारखान्यात काम दुप्पट झालं, पण मी मजेत आहे.

तू 'ब्लफ' या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारलास. आमचे फोरमन पत्ते खेळताना तो नेहमी म्हणतात. थाप मारायला बोलावं लागतं. ब्लफ गप्प बसूनही करता येतो. आपली हूल देणं, तसं.

आता तू सांग. आई बरी आहे म्हणतेस, पत्राच्या कोपऱ्यात तिच्या कुंकवाच्या बोटाचा ठसाही आहे. पण तिच्या बोटावरची विळीची खूण दर वेळी त्यात आडवी उमटते. यावेळचा ठसा इतका साफ काहून?

उलट टपाली आईच्याच बोटाचा ठसा पाठव. रजा बंद आहेत. पुन्हा तुझ्या बोटाचा आला, तर मी रजेविना तसाच गाडी धरतो.

तुझा दादा,
हेमचंद्र