धुक्यातलं तीन बोटं पाणी

प्राग, १४ ऑक्टोबर १९८३

ती. व्लास्ता आत्यास सा. न. वि. वि.

तू बसने पाठवतेस त्या पावसाच्या पाण्याच्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत नीट पोचतात. पण एक घोळ झालाय. कुरणातल्या बाटलीपेक्षा स्प्रूसच्या झाडांखालच्या बाटलीत चौपट गंधक निघालं. पाऊस एकच, अंतर शंभर पावलांचं! आमचे प्रमुख म्हणतात, झाडं हवा गाळतात, मग त्यांच्याखालचं पाणी जास्त घाण कसं? बाटल्या भरणाऱ्या बाईंनी त्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार. पुन्हा असं झालं तर नमुने घ्यायची ती जागाच बंद करू. रागावू नकोस, पण चष्मा लावतेस ना?

तुझ्या मायेतला,
रादीम

मोल्दावा, ७ नोव्हेंबर १९८३

चि. रादीम यास अनेक आशीर्वाद.

चष्मा तुझ्या साहेबांना घेऊन दे. तीस वर्षं मी या डोंगरावर टपाल वाटलं; एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात कधी पडलं नाही.

आता ऐक. आठवडाभर पावसाचा थेंब नाही, नुसतं धुकं. खालच्या कोळशाच्या वीजघरांच्या धुराचं, घसा खवखवणारं. आज गेले तर कुरणातली बाटली ठणठणीत कोरडी. आणि झाडांखालच्या बाटलीत तीन बोटं पाणी! मी तिथंच थबकले. आभाळ गळत नव्हतं, झाडं गळत होती. सुईसारख्या पानापानाच्या टोकाला थेंब जमायचा, जड व्हायचा, सुटायचा. सगळ्या रानात टपटप, आणि दोन पावलं बाहेर आलं की चिडीचूप. साठ वर्षं इथं काढली, पण हे कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. मी डोक्यावरचा रुमाल काढला. का, ते विचारू नकोस.

रिकामी बाटलीही पाठवते. साहेबांना विचार, कोरडेपणाची चिठ्ठी कशी बदलतात?

तुझी आत्या

प्राग, २१ नोव्हेंबर १९८३

ती. आत्यास कान धरून नमस्कार.

प्रमुखांनी तुझी रिकामी बाटली उजेडात धरली, उलटी केली, मग झाडांखालची बाटली स्वतः तपासायला घेतली. तुझं तीन बोटं पाणी जवळजवळ व्हिनेगरइतकं आंबट निघालं. झाडं हवा गाळतात हे खरंच होतं, आत्या. गाळलेलं जातं कुठं, हे आम्ही विचारलं नव्हतं. लाखो सुया वाहता धूर विंचरून घेतात, आणि धुक्याचे थेंब नि पाऊस तो धुऊन त्यांच्याच मुळांशी ओततात. प्रमुखांनी तुझी माफी मागितली आहे. जागा चालू राहील. झाडांचं मात्र सांगवत नाही. शेंडे पिवळे पडतात ते याचमुळे.

तुझाच,
रादीम

मोल्दावा, ८ ऑक्टोबर १९८४

चि. रादीम यास आशीर्वाद.

आमच्या यांनी लावलेली ती स्प्रूसची झाडं जूनमध्ये तोडली. उभी वाळली होती. बाटल्या मी जागच्या हलवल्या नाहीत. गेल्या आठवड्यात पुन्हा तसंच धुकं आलं, आणि दोन्ही बाटल्या कोरड्या राहिल्या. धूर तोच; धरणारं कुणी उरलं नाही. त्या बुडख्यांमध्ये बसून मी रडले.

उठून उतारावरच्या जुन्या बीच वृक्षापाशी गेले, तोच सर आली. साऱ्या फांद्यांचं पाणी खोडावर एकत्र येऊन एकाच धारेनं उतरत होतं. हात टेकला तर कोपरापर्यंत बाही भिजली. एवढा मोठा वृक्ष, पण कुठल्या फांदीचं पाणी कुठं न्यायचं, हे त्याला ठाऊक! तिथं बाटली ठेवून भागायचं नाही. खोडाभोवती गुंडाळून ती धार बाटलीत वळवायला रबराची पन्हळ पाठव. पुढच्या सोमवारी बाटल्या काढायच्या आत.

लोभ असाच ओला राहू दे.

तुझी आत्या